कोतवाल बुकाला लागलेलं ऊन

जातपडताळणीसाठी आजोबांची 1950 पूर्वीची नोंद हवी होती. खानदेशातल्या एका तहसील कचेरीत लाल रुमाल सोडला आणि कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूंची जुनी नोंदवही, हाती आलं. पान उलटताना कडेचा तुकडा बोटालाच चिकटून आला, पापडासारखा. गाव वाचता येत होतं, तारीख होती. नावाची शेवटची अक्षरं त्या तुकड्यासोबत गेली.

पान कुणी फाडलेलं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा कागद आला. शाई पसरू नये म्हणून त्याला राळ-तुरटीची खळ देत. या तुरटीमुळेच कागदात आम्ल तयार होतं आणि कागदाचे तंतू ज्याचे बनतात त्या सेल्युलोजच्या लांब साखळ्या ते तोडत जातं. उष्णतेने हा वेग वाढतो, ढोबळमानाने दर 10 अंशांना दुप्पट. आपल्या भुसावळ-जळगावचा पारा तर मे महिन्यात 45 च्या घरात! मग पावसाळी ओल येते आणि वाळवी-कसरीचं फावतं. त्याहून जुने मोडी कागद मात्र पुष्कळदा धडधाकट निघतात. ते हातकागद, आणि त्यांवरची शाई काजळीची. काजळी म्हणजे कार्बन, ती कागदाला खात नाही.

आजारी कागदावर उपाय आहे. चुन्याच्या निवळीसारख्या सौम्य अल्कलीत पान बुडवून आम्ल मारायचं, वाळवायचं, पातळ टिश्यूचा आधार द्यायचा. एकेका पानाला वेळ लागतो, म्हणून कोणतं पान आधी घ्यायचं हे ठरवावं लागतं.

अभिलेखपालाचं, म्हणजे जुनी कागदपत्रं राखणाऱ्याचं, खरं काम मला तिथे दिसतं. 1891 साली कोलकात्यात सुरू झालेलं आणि आता दिल्लीत असलेलं राष्ट्रीय अभिलेखागार केंद्र सरकारची कागदपत्रं सांभाळतं. 1993 च्या कायद्यानुसार 1892 पूर्वीचा सरकारी कागद नष्ट करता येत नाही. तो अगदीच निकामी झालाय, असं अभिलेखागाराच्या प्रमुखाचं मत झालं तरच अपवाद. ‘नष्ट करा’ म्हणणाऱ्या खात्यापुढे ‘थांबा’ म्हणायचा अधिकार एका माणसाला दिलाय, हे मला फार मोलाचं वाटतं. महाराष्ट्राने 2005 मध्ये स्वतःचा कायदा केला. राज्याची जुनी दप्तरं पुराभिलेख संचालनालयाकडे असतात.

कोतवाल बुकं मात्र अजून तालुक्यालाच आहेत. त्या कचेरीतलं लोखंडी रॅक पश्चिमेच्या भिंतीला टेकवलंय. दुपारी तीन वाजता त्यावर हात ठेववत नाही.