गव्हाचा दाणा कधी ठरतो?

गव्हाच्या उत्पादनाचा हिशेब तीन आकड्यांत मावतो: चौरस मीटरमध्ये ओंब्या किती, एका ओंबीत दाणे किती आणि एका दाण्याचे वजन किती. 400 ओंब्या, प्रत्येकीत 35 दाणे आणि दाण्याचे वजन 40 मिलिग्रॅम धरले, तर चौरस मीटरला 560 ग्रॅम, म्हणजे हेक्टरी 5.6 टन गहू होतो. हे तिन्ही आकडे वेगवेगळ्या वेळी ठरतात आणि ती वेळ हुकली की नंतर कितीही खत-पाणी दिले तरी फारसे हाती लागत नाही. म्हणून गव्हाचे अभ्यासक पिकाचे वय केवळ दिवसांत मोजत नाहीत. पीक कोणत्या अवस्थेत आहे ते आधी पाहतात आणि खत, पाणी, फवारणी त्या अवस्थेनुसार ठरवतात. 1974 मध्ये झाडोक्स, चँग आणि कोन्झाक यांनी मांडलेली 00 ते 99 ही अवस्थांची पट्टी त्यासाठी जगभर वापरली जाते.

दिवस मोजून का भागत नाही? सरासरी तापमान 10 अंश सेल्सिअस असेल तर मुख्य काडीवर नवे पान यायला साधारण दहा दिवस लागतात, 20 अंशांना तेच पान पाचेक दिवसांत येते. रोजच्या सरासरी तापमानाची बेरीज करत गेले तर दोन्हीकडे एका पानाला सुमारे 100 अंश-दिवस लागलेले दिसतात. उशिरा पेरलेला गहू उबदार हवेत आणि वाढत्या दिवसांत भराभर पुढच्या अवस्थेत जातो. त्याला पाने कमी येतात, फुटवेही कमी येतात.

पेरणीच्या खोलीकडे जितके लक्ष द्यायला हवे तितके दिले जात नाही. कोंब वर येताना पहिले पान एका बारीक नळीसारख्या आवरणात असते. आजच्या बहुतेक बुटक्या जातींमध्ये नोरिन 10 या जपानी वाणातून आलेली बुटकेपणाची जनुके आहेत. या जनुकांमुळे काडी आखूड झाली, पण त्याबरोबर ही नळीही आखूड झाली. बी 4 ते 5 सेंटिमीटरवर पडले तर काही बिघडत नाही. ते 8-10 सेंटिमीटरवर गेले तर नळी मातीतच संपते, उघडे पडलेले कोवळे पान ढेकळाखाली दुमडते आणि उगवण विरळ होते. खोल पेरलेले रोप उगवलेच, तरी त्याचा खोड-मुळांचा सांधा जमिनीखाली दोन-तीन सेंटिमीटरवरच तयार होतो. बियापासून तिथपर्यंतचे अंतर गाठण्यात दाण्यातला साठा खर्च होतो, आणि फुटवे उशिरा व कमी येतात.

बियाण्याचे प्रमाण थेट किलोत ठरवणेही चूकच आहे, कारण दाण्याचा आकार जातीनुसार आणि हंगामानुसार बदलतो. चौरस मीटरला जितकी रोपे हवीत त्या संख्येला हजार दाण्यांच्या ग्रॅममधील वजनाने गुणावे आणि अपेक्षित उगवणीच्या टक्क्यांनी भागावे. उत्तर थेट हेक्टरी किलोत येते. 200 रोपे, 40 ग्रॅम आणि 80 टक्के उगवण धरली तर 100 किलो बियाणे लागते. हजार दाणे 50 ग्रॅम भरले तर तितक्याच रोपांसाठी 125 किलो लागते.

आता मुख्य गोष्ट. रोपाला चार-पाच पाने असताना शेतात नुसते गवत दिसते. त्याच सुमारास जमिनीच्या पातळीखाली, पानांच्या गाभ्यात दडलेल्या शेंड्यावर ओंबीची जुळणी सुरू झालेली असते. ओंबीच्या दांड्यावर आलटून-पालटून जे छोटे गुच्छ बसतात त्यांना कणिशिका म्हणतात. शेवटची कणिशिका तयार झाली की त्यांची संख्या कायमची ठरते. बहुतेक जातींत ती 20 च्या आसपास असते. ती ठरते न ठरते तोच काडी लांबायला लागते.

ही वेळ बाहेरून हाताने चाचपून नीट कळत नाही, कारण पानांच्या आवरणाची जाडीही गाठीसारखी लागते. खात्रीचा उपाय साधा आहे. शेताच्या वेगवेगळ्या भागांतून दहा-बारा रोपे मुळांसकट उपटावीत, मुख्य काडी वेगळी करावी आणि धारदार पात्याने बुडापासून वर उभी चिरावी. गाभ्यात काही मिलिमीटरची, काचेसारखी पांढुरकी ओंबी दिसते. भिंगाखाली तिच्या कणिशिकांच्या दोन रांगाही दिसतात. काडीच्या बुडापासून ओंबीचे टोक 1 सेंटिमीटरवर पोहोचले की अवस्था 30. पहिली गाठ स्पष्ट दिसते आणि तिच्याखालचे कांडे 1 सेंटिमीटर झाले की अवस्था 31. याला कांडी धरणे म्हणतात. इथून पिकाची नत्राची भूक झपाट्याने वाढते, म्हणून नत्राचा मोठा हप्ता याच सुमारास पिकाला मिळायला हवा.

तो खूप आधी दिला तर काय होते? भरमसाट फुटवे येतात, त्यांतले बरेच पुढे मरतात आणि दाट सावलीत खालची कांडी लांब व पातळ होतात. दाणे भरताना ओंबीचे वजन आणि वारा एकत्र आले की असे पीक लोळते. युरियाची आणखी एक अडचण आहे: ओलसर जमिनीवर तो तसाच पडून राहिला तर त्याचा अमोनिया होऊन हवेत जातो. दिल्यानंतर लगेच पाणी किंवा पाऊस मिळून तो दोन-तीन सेंटिमीटर खाली उतरला पाहिजे.

कांडी धरल्यापासून फुलोऱ्यापर्यंतचा काळ माझ्या मते गव्हाच्या आयुष्यातला सर्वांत मोलाचा आहे, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते. प्रत्येक कणिशिकेत सहा ते बारा पुष्पिका, म्हणजे इवली फुले, जन्माला येतात, पण दाणा धरतात जेमतेम दोन ते चार. याच दिवसांत काडीही वेगाने वाढत असते आणि ओंबीही. पानांत तयार होणारी साखर दोघींना एकाच वेळी हवी असते. ज्या पुष्पिकांना ती पुरत नाही, त्या फुलोऱ्याच्या आधीच मरतात. बुटक्या जातींच्या यशाचे एक मोठे कारण इथे आहे: काडीने कमी घेतले, ओंबीला जास्त उरले. गव्हाचे ऑस्ट्रेलियन अभ्यासक टोनी फिशर यांनी 1985 मध्ये दाखवले, की फुलोऱ्याच्या आधीचा जो सुमारे महिना असतो, त्यात ऊन भरपूर आणि तापमान थंड असेल तर चौरस मीटरमागे दाण्यांची संख्या वाढते. ऊन साखर देते, थंडी हा काळ लांबवते. पेरणीची तारीख ठरवताना हाच महिना डोळ्यांसमोर ठेवावा: तो ढगाळ हवेत सापडू नये, उन्हाळ्यात ढकलला जाऊ नये आणि कडाक्याच्या थंडीतही येऊ नये. ओंबी पोटरीत, म्हणजे शेवटच्या पानाच्या आवरणात, असताना परागकण तयार होत असतात. तेव्हा पाण्याचा ताण, तीव्र उष्णता किंवा गोठवणारी थंडी आली तर ओंबी आकाराने व्यवस्थित निसवते, पण दाबून पाहिली की पोकळ लागते.

फुलोऱ्यानंतर उरतो दाण्याच्या वजनाचा प्रश्न. पहिल्या दोनेक आठवड्यांत दाण्यातल्या पिठाळ भागाच्या पेशी विभागतात आणि दाण्यात किती मावणार ते ठरते. मग त्यांत स्टार्च भरत जातो. स्टार्च जोडणारे एक महत्त्वाचे विकर (एन्झाइम) उष्णतेला फार नाजूक आहे, आणि उष्णतेने भरणीचे दिवसही कमी होतात. नियंत्रित प्रयोगांत 15 अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे उत्पादन 3 ते 4 टक्के घटलेले आढळले आहे. प्रथिने साठण्याला उष्णतेची झळ त्या मानाने कमी बसते. त्यामुळे सुरकुतलेल्या गव्हात प्रथिनांची टक्केवारी चढलेली दिसते. हा चांगल्या खत-व्यवस्थेचा पुरावा समजू नये, तिथे फक्त स्टार्च कमी पडलेला असतो.

प्रथिनांचा हिशेब नत्रावरून होतो. गव्हातील नत्राला 5.7 ने गुणले की प्रथिने मिळतात. हेक्टरी 5 टन दाणे आणि 12 टक्के प्रथिने म्हणजे 600 किलो प्रथिने, आणि त्यांसाठी सुमारे 105 किलो नत्र फक्त दाण्यात गेले. यातले बहुतेक पिकाने फुलोऱ्यापूर्वीच शोषून पानांत आणि काडीत ठेवलेले असते. पानांतली प्रथिने मोडून ते दाण्याकडे जाते. ओंबीखालच्या शेवटच्या पानाला म्हणूनच दुहेरी काम असते: साखर बनवत राहायचे आणि हळूहळू स्वतःला रिकामे करायचे. तांबेरा या पानावर चढला की दोन्ही कामे अडतात. उत्पादन वाढले की तेच नत्र जास्त स्टार्चमध्ये विरळ होते आणि प्रथिनांचा टक्का उतरतो. शेवटचे पान निघाल्यापासून फुलोऱ्यापर्यंत दिलेला नत्राचा छोटा हप्ता हा टक्का वाढवतो, मात्र जमिनीत ओल असेल तरच. फवारणीतून युरिया द्यायचा तर बाययुरेट (युरियातला पानांना अपायकारक घटक) कमी असलेला घ्यावा आणि संध्याकाळी फवारावा. भर उन्हात पानांची टोके करपतात.

टक्का चांगला असूनही कणीक बिघडू शकते. कणकेला चिवटपणा देणाऱ्या ग्लुटेनमध्ये ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही प्रथिने असतात. ग्लुटेनिनच्या साखळ्या गंधकाच्या दुव्यांनी जोडलेल्या असतात. त्यांतून कणकेला जोर येतो आणि ग्लायडिनमुळे ती ताणली जाते. दाण्यात नत्र आणि गंधकाचे प्रमाण 17 ला 1 पेक्षा वर गेले तर गंधक कमी पडले असे मानतात. तेव्हा गंधक कमी लागणारी प्रथिने वाढतात आणि कणीक ताठ होऊन ताणताना तुटते. युरोपात कारखान्यांचा धूर कमी झाल्यावर हवेतून फुकट मिळणारे गंधक आटले आणि ही कमतरता शेतांत ठळकपणे दिसू लागली. ती ओळखायची खूण अशी: नत्र कमी असेल तर जुनी पाने आधी पिवळी पडतात, गंधक कमी असेल तर नवी. गंधकाअभावी दाण्यात मोकळे अ‍ॅस्परॅजिन हे अमिनो आम्लही साठते आणि भाजताना त्यापासून अ‍ॅक्रिलामाइड हे अपायकारक रसायन तयार होते. गंधकाचा हप्ता नत्राबरोबरच, कांडी धरण्याच्या आत द्यावा.

शेवटचा धोका पीक पिकल्यानंतर येतो. दाण्यातला ओलावा 35-40 टक्क्यांवर आला की भरणी संपते; पुढे फक्त वाळणे उरते. या काळात पाऊस लागला तर दाणे ओंबीतच मोड धरू लागतात आणि स्टार्च तोडणारे अल्फा-अमायलेज तयार होते. डोळ्यांना मोड दिसण्याआधीच ते वाढलेले असू शकते, म्हणून ‘फॉलिंग नंबर’ काढतात. 7 ग्रॅम पीठ आणि 25 मिलिलिटर पाणी नळीत घालून ती उकळत्या पाण्यात ठेवतात, 60 सेकंद पूर्ण होईपर्यंत ढवळतात आणि मग ढवळणी खाली बसायला लागणारा वेळ मोजतात. ढवळण्याचे 60 सेकंद त्यात धरलेले असतात. अल्फा-अमायलेज जितके जास्त, तितकी पिठाची पेज पातळ आणि सेकंदांतला हा आकडा कमी. आकडा 250 च्या वर असेल तर पावासाठी गहू सहसा चालतो. 62 म्हणजे घट्टपणा उरलेलाच नाही.

हा आकडा सरासरीने चालत नाही. 300 चा आणि 100 चा गहू समान भागांत मिसळला तर 200 येईल असे वाटते, पण विकर थोडेसे असले तरी सगळ्या पिठावर काम करते. त्यासाठी 6000 ला (फॉलिंग नंबर वजा 50) ने भागून आलेल्या आकड्यांची सरासरी काढतात. इथे 24 आणि 120 यांची सरासरी 72 येते, म्हणजे मिश्रणाचा फॉलिंग नंबर सुमारे 133. खोलगट, उशिरा वाळणारा किंवा लोळलेला पट्टा म्हणूनच वेगळा कापावा आणि त्याचा गहू मुख्य साठ्यात ओतण्याआधी तपासून घ्यावा.