टाइमस्टॅम्पची सूक्ष्मता (चाचणी-अपयश संदेशांतील)

सॉफ्टवेअरची चाचणी फसल्यावर येणाऱ्या संदेशात वेळ सेकंदाच्या कितव्या अंशापर्यंत छापावी, यासंबंधीचा संकेत. तुलना पूर्ण सूक्ष्मतेने होते, पण छापताना अपूर्णांक गळतो, म्हणून हा प्रश्न उद्भवतो. ‘अपेक्षित १०:१५:३०, मिळाले १०:१५:३०’ हा त्याचा नमुना. दोन्ही मूल्ये डोळ्यांना सारखी दिसतात आणि चाचणी तरीही लाल (म्हणजे फसलेली) असते.

जावा या प्रोग्रामिंग भाषेतील जुना डेट हा माहिती-प्रकार मिलिसेकंद साठवतो, पण त्याचे मजकूररूप सेकंदाशीच थांबते. रूबी या भाषेत २.७ या आवृत्तीपासून (२०१९) तपासणीसाठीच्या रूपात अपूर्णांक दिसू लागला; आरस्पेक ही चाचणी-चौकट तर संदेशात सेकंदाचे नऊ दशांश अंक देते. पायथॉन या भाषेच्या आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानकाच्या) मजकूररूपात मायक्रोसेकंद (सेकंदाचे दहा लाखावे भाग) नेमके शून्य असतील तर अपूर्णांक मुळीच येत नाही. त्यामुळे मजकुराची लांबी गृहीत धरणारी चाचणी क्वचित, विनाकारण वाटावी अशी फसते.

ही अडचण साधारणपणे २०१० नंतरच्या दशकात बळावली असे मानणे सयुक्तिक दिसते. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये सेकंदाचे अपूर्णांक ५.६ या मालिकेत साठवता येऊ लागले. जावा ८ चे प्रणाली-घड्याळ मिलिसेकंदांत वेळ देई, तर २०१७ च्या जावा ९ मध्ये ते अधिक सूक्ष्म झाले. स्मृतीतील मूल्य आणि डेटाबेसमधून परत आलेले मूल्य यांतील अंतर तेव्हापासून अधिक वेळा उघडे पडू लागले.

हे अंतर नेहमी छाटणीचेच (जादा अंक नुसते गाळण्याचेच) असते, ही समजूत बरोबर नाही. वेगळी सूचना नसल्यास मायएसक्यूएल पूर्णांकन करते, म्हणजे वेळ जवळच्या अंकाकडे वळवते. अपूर्णांकाविना घोषित केलेल्या रकान्यात ३१ डिसेंबर २०२३, २३:५९:५९.६ ही वेळ भरली, तर १ जानेवारी २०२४, ००:०० अशी नोंद होते. त्यामुळे केवळ अपेक्षित मूल्य छाटून चाचणी हिरवी करण्याचा उपाय तेथे अपुरा पडतो. आठव्या आवृत्तीपासून छाटणीची वेगळी पद्धत निवडता येते. पोस्टग्रेस हा डेटाबेस मायक्रोसेकंदांपर्यंत वेळ ठेवतो. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचा जुना डेटटाइम प्रकार मिलिसेकंदांचा शेवटचा अंक ०, ३ किंवा ७ असाच ठेवतो. दशांश सेकंद दुहेरी अचूकतेच्या (६४ बिटांच्या) अपूर्णांकात धरले, तर १९७० पासून मोजलेल्या आजच्या वेळेत सुमारे २४० नॅनोसेकंदांखालचा (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) फरक टिकत नाही.

उपायांबाबत मतभेद आहेत. काही जण सहनशीलता ठेवून (थोडा फरक चालवून घेऊन) तुलना करतात, काही चाचणीपुरते घड्याळ एका ठरावीक वेळेवर गोठवतात. सहनशीलतेमागे खरी चूकही दडू शकते. म्हणून घड्याळ बाहेरून पुरवणे अधिक ग्राह्य वाटते. कोणताही मार्ग घेतला तरी तुलनेत जेवढे अंक विचारात घेतले तेवढे संदेशात दिसलेच पाहिजेत. मजकूररूपे तंतोतंत जुळत असतील, तर जेयुनिट ही जावाची चाचणी-चौकट माहिती-प्रकाराचे नावही जोडते. त्यामुळे सूक्ष्मतेचा आणि प्रकाराचा घोळ वेगळा ओळखता येतो.

फाइलींच्या बदलवेळेलाही हेच लागू पडते : फॅट या फाइल-व्यवस्थेत ती २ सेकंदांच्या, तर एनटीएफएस या व्यवस्थेत १०० नॅनोसेकंदांच्या टप्प्यांत नोंदली जाते.