फाटलेली कातडी आणि पाण्यातला इशारा

कार्ल फॉन फ्रिश म्हटले की मधमाश्यांचा नाच आठवतो. या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाचे माशांवरचे कामही तितकेच मोलाचे आहे, आणि त्यातला एक शोध नकळत लागला. मिनो या बोटभर लांबीच्या गोड्या पाण्यातल्या माशांच्या थव्यातला एक मासा ओळखू यावा, म्हणून त्याच्या शेपटीजवळ चीर देऊन त्याला परत सोडले होते. खाद्याच्या जागी जमलेले बाकीचे मासे एकाएकी सैरावैरा पळाले आणि तिथून दूर गेले. १९३८ मध्ये फ्रिश यांनी हे प्रथम नोंदवले. पुढे त्यांनी दाखवून दिले की घबराट पसरवणारे द्रव्य जखमी कातडीतून येते आणि माशांना ते वासाने कळते.

त्यांचे शिष्य वोल्फगांग फाइफर यांनी असंख्य जाती तपासल्या. आपले रोहू, कटला ज्या मोठ्या गटात मोडतात, त्या गटात ही प्रतिक्रिया सर्रास आढळली. कातडीतल्या ज्या मोठ्या पेशींशी या द्रव्याचा संबंध जोडला गेला, त्यांना बाहेर उघडणारे तोंडच नसते. पेशी फुटली तरच द्रव्य पाण्यात मिसळते. म्हणजे मासा मनात आणून इशारा देऊ शकत नाही.

मग ज्याला शत्रूने पकडले, त्याला या पेशी बाळगून काय मिळते? मला हा सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. इशारा ओळखणाऱ्या बाकीच्या माशांचा फायदा तर उघड आहे. १९९३ मध्ये कॅनडातल्या अ‍ॅलिशिया मॅथिस आणि जॅन स्मिथ यांनी पाइक या शिकारी माशाला मिनो खाऊ घातले. ज्यांनी पाइक कधी पाहिलाच नव्हता, असे मिनोही त्याच्या वासाने बिचकले. मिनोऐवजी स्वोर्डटेल हे हे द्रव्य नसलेल्या दुसऱ्या जातीचे मासे खाल्लेल्या पाइकच्या वासाला मात्र ते बधले नाहीत. शिवाय एकदा धडा मिळालेले मिनो पुढे पाइकने काहीही खाल्ले असले तरी त्याच्या वासापासून सावध राहू लागले.

बाळगणाऱ्याच्या फायद्याचे पटणारे उत्तर २००७ मध्ये डग्लस चिव्हर्स आणि सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आले. कातडी भेदून शिरणारे रोगजंतू आणि परजीवी यांच्या संपर्कात आल्यावर या पेशींची संख्या वाढते. त्यावरून त्यांचे मूळ काम कातडीचे रक्षण हे असावे आणि इतर माशांनी तिचा वास ओळखायला नंतर शिकून घेतले असावे.

द्रव्य नेमके कोणते, हा शोधही लांबला. १९८०च्या दशकात एकाच रेणूवर बोट ठेवले गेले होते. २०१२ मध्ये सिंगापूरमध्ये झेब्राफिश या छोट्या माशावर काम करणाऱ्या गटाने कातडीतल्या काँड्रॉइटिन या शर्करासाखळीचे तुकडे पुढे आणले. हे एकच द्रव्य नसून अनेकांचे मिश्रण आहे, अशी त्यांची मांडणी होती.