राणीछाप रुपया: ‘क्वीन’ कोणता आणि ‘एम्प्रेस’ कोणता?

लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर हळदकुंकू लागलेले जुने चांदीचे रुपये मांडतात. घरात त्यांना सरसकट एकच नाव असतं, राणीछाप. पण हातात घेऊन वाचले की त्यांत दोन जाती निघतात. काहींवर ‘व्हिक्टोरिया क्वीन’ असतं, काहींवर ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’. दोन्हींवर डावीकडे पाहणारी मुकुटधारी राणी, आणि मागे वेलबुट्टीत ‘वन रुपी इंडिया’ व साल. त्यामुळे गल्लत होणारच.

कंपनीचं राज्य १८५८ मध्ये संपलं आणि १८६२ सालचा नवा रुपया निघाला, तो ‘क्वीन’. राणीला नवा किताब देणारा कायदा विलायतेत १८७६ मध्ये झाला. १ जानेवारी १८७७ ला दिल्ली दरबारात ती हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली आणि त्याच सालापासून नाण्यावर ‘एम्प्रेस’ आलं. ते १९०१ पर्यंत टिकलं.

‘क्वीन’मध्ये एक चकवा आहे. १८६२ हेच साल पुढे दहाएक वर्षं छापलं जात होतं, त्यामुळे ते साल असलेला रुपया प्रत्यक्षात बराच नंतरचा असू शकतो. मुंबईच्या टांकसाळीच्या नाण्यांवर सालाजवळ बारीक ठिपके दिसतात, ते यासाठीच. खरं साल १८७४ पासून येऊ लागलं. १८४० चा ‘क्वीन’ मात्र वेगळाच. त्यावर राणीला मुकुट नाही आणि मागे ईस्ट इंडिया कंपनीचं नाव व फारसी अक्षरं आहेत.

वजन सगळ्यांचं एकच. १८३५ च्या कायद्याने ठरवलेलं १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. आपला जुना तोळा तो हाच, सराफ आज म्हणतात तो दहा ग्रॅमचा नव्हे. चांदी बारा भागांत अकरा भाग, उरलेलं हीण. तेव्हा राणीछाप म्हणजे अगदी शुद्ध चांदी, हा घरोघरचा समजही तितकासा बरोबर नाही.

इथवरचा फरक डोळ्यांना दिसतो. मला ज्या फरकाचं जास्त वाटतं तो नाण्यावर कुठेच लिहिलेला नाही. तो ‘क्वीन’ आणि ‘एम्प्रेस’च्या सीमेवर पडत नाही, ‘एम्प्रेस’च्याच पोटात पडतो. तारीख २६ जून १८९३.

त्या दिवसापर्यंत टांकसाळ सर्वांना खुली होती. व्यापाऱ्याने चांदी नेऊन द्यायची, थोडी घडणावळ कापून घेऊन सरकारने रुपये पाडून द्यायचे. त्यामुळे रुपयाची किंमत त्यातल्या चांदीइतकीच राही. आपल्या भाषेतला ‘बंदा रुपया’ हा असाच, वितळवला तरी तुम्हाला न बुडवणारा.

पण १८७० नंतर जर्मनीने सोन्याचं चलन धरलं, युरोपातल्या इतर देशांनीही चांदीची नाणी पाडणं आवरतं घेतलं, आणि अमेरिकेच्या खाणींतून चांदी निघतच राहिली. लंडनच्या बाजारात १८७२ च्या सुमारास औंसाला साठ पेन्स असलेला भाव १८९४ मध्ये तिसाच्याही खाली गेला. हिंदुस्थान सरकारला कर्जावरचं व्याज, रेल्वे कंपन्यांना हमी दिलेलं व्याज आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शनं लंडनला पौंडांत पाठवावी लागत. रुपया दोन शिलिंगांच्या आसपासहून सव्वा शिलिंगाकडे घसरला, तसा तोच भरणा करायला जास्त रुपये लागू लागले. मग याच प्रश्नावर सरकारने नेमलेल्या हर्शेल समितीच्या शिफारशीवरून टांकसाळी लोकांसाठी बंद झाल्या. रुपयाची टंचाई करून त्याचा भाव वर चढवला आणि १८९९ मध्ये एक शिलिंग चार पेन्सांवर, म्हणजे पौंडाला पंधरा रुपये, असा बसवला.

आता हिशेब करून पाहा. एक शिलिंग चार पेन्स म्हणजे सोळा पेन्स, तेव्हा आण्याला एक पेन्स. त्या वेळच्या चांदीच्या भावाने रुपयातली चांदी भरते जेमतेम दहा पेन्सांची. म्हणजे १९०० सालच्या ‘एम्प्रेस’ रुपयात चांदी दहा आण्यांच्या आसपास, वरचे सहा आणे सरकारी छापाचे. १८८० चा ‘एम्प्रेस’ शेजारी ठेवा. वजन तेच, आवाज तितकाच खणखणीत, तरी जातीने दोन वेगळी नाणी. याच रुपयाच्या प्रश्नावर बाबासाहेब आंबेडकरांचा लंडनचा प्रबंध आहे, १९२३ मध्ये तो पुस्तकरूपाने आला.

दादाभाई नौरोजींनी टांकसाळबंदीला विरोध केला होता. ज्यांची पुंजी चांदीच्या दागिन्यांत होती त्यांना या बंदीचा अर्थ समितीच्या अहवालाशिवायच कळला असणार. शेतसारा रुपयांत भरायचा होता आणि रुपया महाग झाला होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत घरातले तोडे-वाळे विकायला काढले, तर टांकसाळीचं दार बंद होतं. तोळाभर चांदीला एके काळी जवळजवळ रुपया मिळायचा, आता सराफाच्या काट्यावर दहा-अकरा आणेच पडत.