मे महिन्याचं ऊन, खारं पाणी आणि गाडीवरचं मेण

वॉशिंग सेंटरवर एक वाक्य हमखास कानावर पडतं: "भाऊ, एकडाव वॅक्स मारून घ्या, मंग धूळ बसतच नाही गाडीवर." बसते. पांदण रस्त्यानं वावरात जाऊन आलेली बोलेरो वॅक्स केलेली असो की नसो, घरी पोचेपर्यंत सारखीच मातकट होते. फरक पडतो तो धुताना. वॅक्स असलेल्या बॉनेटवरची माती पाण्याच्या धारेनं सुटते, नसलेल्यावरची घासून काढावी लागते. आणि गाडीचा रंग बिघडतो तो बहुतेक वेळा ह्या घासण्यानंच.

हल्लीच्या गाड्यांवर रंगाचे थर असतात. पत्र्यावर गंज थोपवणारा थर, मग प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर बिनरंगी क्लिअर कोट. सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा फार तर सातवा हिस्सा. त्यात क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. गाडीची चकाकी त्याचीच, आणि अतिनील किरणं शोषणारी रसायनंही त्यातच कालवलेली असतात. वॅक्सच्या डब्यावर 'यूव्ही प्रोटेक्शन' असं ठळक छापलेलं दिसतं. पण वॅक्सचा थर सहसा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ बसतो. चंद्रपूरचं ऊन तो किती अडवणार, हे लक्षात घेऊनच त्या अक्षरांचे जादा पैसे मोजावेत.

रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजे गारगोटीचे कण असतात. वणी-घुग्घुसकडं कोळशाची धूळ आणि कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला वीजकेंद्रांची राख त्यात भर घालते. क्वार्ट्झ क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. सकाळी निघताना कोरड्या फडक्यानं बॉनेटवर दोन हात मारले की हे कण फडक्याखाली घासत जातात. पांढऱ्या गाडीवर वर्षानुवर्षं काही दिसत नाही, काळी गाडी मात्र तिरप्या उन्हात उभी केली की बारीक गोल रेघांचं जाळं दाखवते. ह्यावर कुठलंही वॅक्स उपाय नाही. आधी पाणी, मग फडकं, एवढंच.

वॅक्सचं काम चालतं कसं? पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. उघड्या रंगाशीही त्यांची थोडीफार जवळीक होते, म्हणून पाणी तिथं पसरतं. मेणाच्या रेणूंच्या लांब हायड्रोकार्बन साखळ्यांमध्ये पाण्याला धरायला काही सापडत नाही. मग ते स्वतःतच आवळून थेंब होतं. ओलसर चिखलाचंही तेच होतं, पकड ढिली पडते.

नैसर्गिक वॅक्समध्ये नाव घेतलं जातं कार्नौबाचं. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर हे मेण सुटतं, कोरड्या दिवसांत पानातलं पाणी उडू नये म्हणून. वरुड-मोर्शीकडं संत्री धुऊन त्यांना मेणाचा हात देतात तोही असाच प्रकार. फक्त तिथं आतलं पाणी आत ठेवायचं असतं, इथं बाहेरचं बाहेर. कार्नौबा वितळतं ८२ ते ८६ अंशांना. मधमाश्यांचं मेण ६२-६४ लाच पातळ होतं. आता मे महिन्यात अकोल्यात हवाच ४५ अंशांची असते, तेव्हा उन्हातल्या काळ्या बॉनेटचा पत्रा ७० च्या पुढं सहज जातो. डब्यात निव्वळ कार्नौबा कधीच नसतं. तेलं, द्रावकं आणि मऊ मेणं मिसळलेली असतात, त्यामुळं ते त्याआधीच नरम पडतं, त्यावर धूळ चिकटते आणि महिना-दोन महिन्यांत थर गेलेला असतो. म्हणून उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला होळीच्या सुमारास सिंथेटिक सीलंट, म्हणजे कारखान्यात बनवलेलं कृत्रिम वॅक्स, लावावं हे बरं. त्यातले पॉलिमर उष्णता जास्त सोसतात आणि चार-सहा महिने टिकतात. कार्नौबाची हौस असेल तर दसऱ्यानंतर करावी, हिवाळ्यात ते छान दिसतं. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर घट्ट बसणारा काचेसारखा कडक थर, खरोखर टिकाऊ असतं, पण रोज वावरात जाणाऱ्या आणि निंबाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीवर तेवढा खर्च मला पटत नाही.

आपल्याकडं आणखी एक भानगड आहे पाण्याची. अकोला, अमरावती, बुलडाण्यात पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, आणि बाकी ठिकाणीही बोअरचं पाणी बहुधा जडच. वॅक्स केलेल्या गाडीवर असं पाणी मारून ती उन्हात वाळू दिली, तर प्रत्येक थेंब आपल्यातला सगळा क्षार एकाच जागी सोडून उडतो. पांढरे गोल डाग पडतात. थेंब भिंगासारखं ऊन एकवटून रंग जाळतो असं काही जण सांगतात, पण थेंबातून गेलेली किरणं पत्र्याच्या पलीकडं जाऊन एकत्र आली असती; रंगावर ती एकवटतच नाहीत. डाग क्षारांचाच. साधं मीठ असेल तर पाण्यानं जातं. चुन्याचा असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून हलकं टिपावं आणि लगेच धुवावं. सगळ्यात चांगलं म्हणजे धुतल्या धुतल्या टिपून घेणं.

वॅक्स लावायची वेळ सकाळची, सावलीतली, पत्रा हाताला गार लागेल तेव्हाची. गाडी शाम्पूनं धुवा. कपड्याची पावडर किंवा भांड्याचा साबण जुनं वॅक्स खरवडून नेतो. मग हातात प्लास्टिकची पातळ पिशवी घालून बॉनेटवरून बोटं फिरवा. नुसत्या हाताला न कळणारी कचकच पिशवीतून लगेच कळते. ती लागली तर क्ले बारनं, म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीनं, भरपूर ओलं ठेवून, पृष्ठभाग साफ करा, नाहीतर वॅक्स घाणीवरच बसेल. स्पंजवर वॅक्स घ्यायचं ते थोडंसंच. जाड लावलं म्हणून जास्त टिकत नाही, पुसताना दम मात्र निघतो. एका वेळी एकच दरवाजा किंवा बॉनेटचा अर्धा भाग. थर धुरकट झाला की बोट ओढून पाहा: रेघ स्वच्छ उमटली तर मायक्रोफायबरनं पुसा, फराटा उठला तर अजून थांबा. बंपरच्या काळ्या प्लास्टिकला लागू देऊ नका, पांढरे चट्टे चिवट असतात. समोरच्या काचेलाही नको. डेंटिंग-पेंटिंग ताजं असेल तर महिना-दोन महिने थांबा, नव्या रंगातली द्रावकं पुरती उडालेली नसतात.

चमक यावी म्हणून डिझेलचा फडका मारणारे अजूनही भेटतात. त्यानं तासभर गाडी झळकते, तेलकटपणावर धूळ दुप्पट बसते, आणि दाराचे रबर खराब होतात.

पुढचा हात कधी द्यायचा, ते पाणीच सांगतं. टपावर मगभर टाका. ते गोळा होऊन ओघळण्याऐवजी सपाट पसरून राहिलं की थर संपला. उरलेला डबा उन्हाळ्यात डिकीत ठेवू नका, झाकण घट्ट लावून घरात गार जागी ठेवा. द्रावक उडून गेलं की वॅक्स कडक होतं आणि स्पंजला लागतच नाही.