फोनो स्टेजच्या ट्यूब बदलायची सवय आली कुठून

फोनो स्टेज म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचा बारीक सिग्नल मोठा करणारं सर्किट. त्यातल्या ट्यूब (व्हॉल्व्ह) बदलून आवाज पाहणं, म्हणजे ट्यूब रोलिंग, म्हटलं की आज हौशी माणसाचा खर्चिक नाद डोळ्यापुढे येतो, पण सुरुवात झाली ती दुरुस्तीच्या टेबलावर. १२एएक्स७ ही फोनो स्टेजमधली नेहमीची ट्यूब अमेरिकेत १९४६-४७ ला आली, युरोपात तीच ईसीसी८३. पन्नाशी-साठीच्या दशकात रेडिओ-टीव्ही सगळे ट्यूबवरच, त्यामुळे दुरुस्तीवाल्यांकडे एक तक्ता असायचा की हा नंबर नसेल तर तो लाव. संच चालू झाला की काम झालं, आवाजाचा पोत वगैरे कोणी विचारत नव्हतं.

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं आरआयएए कर्व्ह ठरवला, म्हणजे रेकॉर्डवर दाबलेला बास आणि वाढवलेला ट्रेबल वाजवताना परत सरळ करायचा (इक्वलायझेशन) एकच नियम; तोवर प्रत्येक लेबलचं इक्वलायझेशन वेगळं. यातली एकच गोष्ट पुढे कामाला येते, ती म्हणजे १ किलोहर्ट्झपेक्षा २० हर्ट्झला जवळपास १९ डीबी जास्त गेन (सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण) लागतो. त्या काळातल्या बऱ्याच प्रीअँपमध्ये चॅनलमागे एकच १२एएक्स७, तिचे दोन ट्रायोड (सिग्नल वाढवणारे भाग) एकामागोमाग, आणि इक्वलायझेशन फीडबॅकमध्ये, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग मागे नेऊन गेन ताब्यात ठेवणाऱ्या वळणात. एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजला, म्हणजे सुईच्या हालचालीतून सिग्नल तयार करणाऱ्या भागाला, ४० डीबीच्या आसपास गेन पाहिजे, म्हणजे खालच्या टोकाला ६० च्या जवळ, आणि दोन स्टेज मिळून मुळात हाताशी ७० च्या आसपास. उरलेल्या गेनवरच फीडबॅक चालतो, आणि उरलं काय? बासमध्ये फीडबॅक जेमतेम. मग ट्यूब थकली किंवा कमी म्यूची (म्यू म्हणजे ट्यूबची स्वतःची सिग्नल वाढवायची ताकद) लावली की बास लगेच हलतो, आणि लोक म्हणतात ही ट्यूब जरा कोरडी वाजते.

खरा गोंधळ आहे तो ‘इक्विव्हॅलंट’ (समतुल्य) या शब्दात, दुरुस्तीच्या तक्त्यातून तो उचलला आणि आवाजाच्या चर्चेत तसाच आणून बसवला. ७०२५ ठीक आहे, ती कमी हम-नॉइजवाली १२एएक्स७च. पण ५७५१? दणकट बांधणीची इंडस्ट्रियल-मिलिटरी ट्यूब, म्यू १०० ऐवजी ७०, हीटर थोडा जास्त करंट खातो. पिना जुळतात, चालते, गेन दर स्टेजला दोन-तीन डीबी कमी. शिवाय पहिल्या स्टेजची मिलर कपॅसिटन्स, म्हणजे गेनमुळे इनपुटला वाढून दिसणारी कपॅसिटन्स, बदलते, १२एएक्स७ ला ग्रिड-प्लेट १.७ पिकोफॅरड आणि गेन ६० धरला तर इनपुटला शंभरेक पिकोफॅरड दिसतात, ५७५१ ला साठ-सत्तर. एमएम कार्ट्रिजची कॉइल मोठ्या इंडक्टन्सची असते, तिच्यावरचं लोडिंग एवढं बदललं की वरचा रेझोनन्स सरकतो आणि ट्रेबल बदलतो. हेच ३०-४० पिकोफॅरड केबल बदलूनही मिळाले असते, फुकटात! पॅसिव्ह, म्हणजे फीडबॅकशिवायच्या, इक्वलायझेशनच्या सर्किटमध्ये तर ट्यूबचा आतला (प्लेट) रेझिस्टन्सच नेटवर्कचा भाग असतो, तिथे तो बदलला की कर्व्हच चुकतो. मग ज्याला आपण ‘टोन’ म्हणतो त्यातला बराचसा भाग इक्वलायझेशनची चूक आहे असं मला वाटतं, ती कानाला गोड लागते ही गोष्ट वेगळी.

१२एटी७ ही रेडिओ फ्रिक्वेन्सीसाठी केलेली, तिला करंट जास्त लागतो, १२एएक्स७ च्या मिलीअँपभर करंटवर ती नीट उघडतच नाही. ६डीजे८ टीव्ही ट्यूनरमधली, तिचा हीटर फक्त ६.३ व्होल्टचा, नऊ नंबरच्या पिनवर शील्ड आणि प्लेटची मर्यादा १३० व्होल्ट, ती तिच्यासाठीच डिझाइन केलेल्या फोनो स्टेजमध्ये छान. रशियन ६एन२पी चा म्यू १०० च आहे, पण हीटर ४ आणि ५ नंबरच्या पिनांवर ६.३ व्होल्टचा, १२.६ व्होल्ट दिलेल्या सॉकेटमध्ये घातली तर गेलीच. तरी ‘हिच्या जागी ही’ अशा यादीत दिसते ‘इक्विव्हॅलंट’ म्हणून.

पुढचं सगळ्यांना माहितीये, ट्रान्झिस्टर, मग १९८२ ला सीडी, आणि पश्चिमेतले ट्यूबचे कारखाने एकेक बंद. १२एएक्स७ तगली ती गिटार अँपवाल्यांच्या जिवावर, रेकॉर्डवाल्यांच्या नाही. १९९१ नंतर रशियातल्या सारातोव्हचा माल बाजारात मोकळेपणाने आला, त्याच्याशी तुलना सुरू झाली आणि मग इंग्लंडच्या ब्लॅकबर्नचा, तळाशी डायमंडची खूण असलेला जर्मन असा जुना माल महागला. महागला तशी खोटी छपाईही आली, नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा. आपल्याकडे बंगळूरच्या सरकारी कारखान्यात १९६१ पासून रिसीव्हिंग व्हॉल्व्ह निघायचे, रेडिओवाल्यांच्या ड्रॉवरमध्ये पडून राहिलेल्या त्या डब्यांनाही आता गिऱ्हाईक आहे.

मार्च २०२२ मध्ये युद्धाच्या निर्बंधांना उत्तर म्हणून रशियानं निर्यात अडवली आणि पुरवठा किती थोड्या हातात आहे ते एका झटक्यात कळलं. चीनमधलं उत्पादन आधीच विस्कळीत, स्लोव्हाकियातल्या कारखान्यावर सगळा भार, भाव वर. नंतर माल पुन्हा येऊ लागला पण भाव काही पूर्वीच्या जागी आले नाहीत. आता काही डिझायनर असं सर्किट करतात की इक्वलायझेशन ट्यूबवर जवळपास अवलंबूनच राहत नाही, तिथे ट्यूब बदलून फरक पडतो तो मुख्यतः नॉइज आणि मायक्रोफोनीत (हादरे ट्यूबमधून आवाज होऊन ऐकू येणं), आणि जाहिरातीत मात्र त्याच मशीनला ‘रोलिंगसाठी उत्तम’ म्हणतात.