सर्कशीला येणाऱ्या आमच्या सगळ्या ग्राहकांसाठी, तिकिटासोबत हे पण वाचा

नमस्कार मंडळी,

आमच्याकडं तुम्ही सर्कशीचं बुकिंग केलंय, कुणी नुसतं तिकीट घेतलंय, कुणी तिकीट आणि गाडी दोन्ही, त्याबद्दल आधी मनापासून आभार. हा कागद आम्ही प्रत्येक ग्राहकाला देतोय, कारण फोनवर रोज तेच प्रश्न येतात, वाघ आहे का, एकदम पुढची खुर्ची मिळंल का, पोरगं जोकरला भितंय तर आणू का नको, पाऊस आला तर काय, आणि दुकानात गिऱ्हाईक उभं असताना फोनवर घाईत अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढलेलं बरं वाटलं.

गाडीचं आधी सांगतो. सातच्या शोसाठी गाडी सव्वापाचला कोल्हापुरात कावळा नाक्यावरनं निघते, मग सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक), मग रंकाळा स्टँड. कागल, हुपरी, कोडोली भागातल्या ग्रुपसाठी गाडी गावातच येते, वेळ तुमच्या ग्रुपच्या दादांना कळवलेली आहे. मैदानाचं नाव तिकिटावर आहे. सव्वापाच म्हणजे सव्वापाचच बरं का, एवढ्या लवकर कशाला असं बरेच जण विचारतात, तर त्याचं कारण पुढं आलंय.

वाघ-सिंह आहेत का? नाहीत. १९९८ साली केंद्र सरकारनं अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करायला बंदी घातली, सर्कसवाले कोर्टात गेले, पण २००१ साली सुप्रीम कोर्टानं ती बंदी कायम ठेवली. त्यामुळं आजोबांनी बघितलेली पिंजऱ्यातली सर्कस आता नाही, आणि आम्हाला विचाराल तर ते चांगलंच झालं, त्या जनावरांचे हाल आम्ही लहानपणी जवळनं बघितलेत. लहान पोरांना कामाला ठेवण्याबद्दलही २०११ साली सुप्रीम कोर्टानं बंदीचे आदेश दिले. म्हणजे आता तंबूत जे काय आहे ते मोठ्या माणसांच्या अंगातल्या मेहनतीवर चालतंय, झुला, दोरी, सायकल, वरनं सोडलेल्या कापडावरची कामं, मौत का गोला (लोखंडी जाळीच्या गोलात मोटारसायकली फिरवतात तो) आणि जोकर. वाघ बघायला येणारा माणूस नाराज होऊन जाईल म्हणून आधीच सांगतोय, पण माणूस बघायला आलात तर डोळं दिपतील.

आणि ही गोष्ट आपल्या भागातली आहे हे पण पोरांना सांगा. नरसोबाच्या वाडीला तुम्ही जाताच, तिथनं नदीपलीकडं दिसतं ते कुरुंदवाड. तिथल्या संस्थानिकांकडं विष्णुपंत छत्रे घोड्यांचं काम बघायचे, मूळचे सांगलीकडच्या अंकलखोपचे. १८७९ च्या सुमारास मुंबईत चियारिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस आली होती, ती विष्णुपंतांनी राजेसाहेबांबरोबर जाऊन बघितली आणि हे आपल्याला पण जमतंय असं मनावर घेतलं. २० मार्च १८८० ला त्यांच्या 'ग्रेट इंडियन सर्कस'चा पहिला खेळ झाला, भारतीय माणसानं काढलेली ही पहिली सर्कस. स्वतः विष्णुपंत घोड्यावरची कामं करायचे आणि त्यांच्या पत्नी झुल्यावरची. त्या काळात एक मराठी बाई चारचौघांसमोर झुल्यावर चढली, आमच्या आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली होती. पुढं ही सर्कस फिरत फिरत केरळात तलश्शेरीला गेली, तिथल्या कीलेरी कुन्हिकण्णन या कसरतीच्या मास्तरांना या विद्येचं वेड लागलं आणि १९०१ मध्ये त्यांनी तिथं सर्कशीची शाळाच काढली. सर्कशीत एवढे केरळचे कलाकार का असतात असं कुणी विचारलं तर त्याचं मूळ हे, आपल्या नदीकाठावरनं गेलेलं.

आता लवकर का यायचं ते. शो सुरू व्हायच्या आधी रिंगमध्ये माणसं काम करत असतात, ते बघण्यासारखं असतं. दोऱ्या ताणतात, खुंट ठोकून बघतात, एक जण वर चढून झुल्याची कडी हातानं हलवून बघतो, मग परत दुसरा चढून तीच कडी बघतो. जाळी बांधायचं काम तर नक्की बघा, लई सैल असली तर माणूस जमिनीला टेकंल आणि लई ताठ असली तर चेंडूसारखा उडून बाहेर पडंल, म्हणून मधला ताण हातानं दाबून दाबून ठरवतात. पोरांना हे आधी दाखवलं ना की मग वर झुला सुरू झाल्यावर ती नुसती आ वासून बघत नाहीत, त्यांना कळतं की कुठं काय चाललंय. रिंग गोल का असते हे पण पोरं विचारतातच. १७६८ साली लंडनमध्ये फिलिप ॲस्टली हा घोडेस्वार गोल मैदानात घोडा पळवत त्याच्या पाठीवर उभा राहून कामं दाखवायला लागला, घोडा गोल पळाला की स्वार आतल्या बाजूला झुकून तोल धरू शकतो, आणि बेचाळीस फुटांचा गोल त्याला बरोबर बसतो. घोडे कमी झाले तरी तो आकार जगभर तसाच राहिलाय.

बसायचं कुठं

सगळ्यांना एकदम पुढची रिंगसाइड खुर्ची पाहिजे असते आणि महाग तिकीट विकायला आम्हाला पण बरंच आहे, पण खरं सांगतो, झुला बघायला ती जागा चांगली नाही. मान वर करून करून दुखते आणि दोन झुल्यांमधलं अंतर कळतच नाही. मधल्या उंचीवर, झुल्याच्या आडव्या बाजूला बसा, म्हणजे इकडनं सुटणारा आणि तिकडं धरणारा दोघंही एकदम दिसतात. फक्त जोकरसाठी येणार असाल, घरात चार-पाच वर्षांचं पोरगं असेल आणि ते भित्रं नसेल, तर मग पुढं बसा. गुडघ्याचा त्रास असलेल्या आजी-आजोबांना गॅलरीत चढवू नका, फळ्यांना कठडा नसतो, त्यांच्यासाठी खुर्चीचंच तिकीट सांगा, आम्ही बाजूची जागा बघून देतो.

झुल्याचं एक गणित सांगतो, नागपंचमीला झोका खेळलेल्या बायकांना ते हातापायानं माहीतच आहे. झोका वर गेला की एक क्षण थांबल्यासारखा होतो, अंग हलकं होतं, बरोबर त्या क्षणी झुल्यावरचा कलाकार हात सोडतो. आणि झोक्याला जायला-यायला लागणारा वेळ दोरीच्या लांबीवर ठरतो, माणूस जाड का बारीक त्यावर नाही, म्हणून समोरचा कॅचर, म्हणजे धरणारा, कितीही धिप्पाड असला तरी दोघांचे झोके जुळवता येतात. फक्त सुरुवात बरोबर व्हायला पाहिजे. त्यासाठी 'हेप' असा आवाज देतात, कान देऊन ऐकलं तर म्युझिकमधनं पण येतो. आणि धरताना हाताला हात धरत नाहीत, मनगटाला मनगट धरतात, दोघांची बोटं एकमेकांच्या मनगटाभोवती, म्हणजे एकाचा घाम सुटला तरी दुसऱ्याची पकड राहते. हाताला पांढरी पावडर लावतात ती पण घामासाठीच. शेवटी सगळे एकेक करून जाळीत उड्या मारतात तेव्हा बघा, कुणीही पायावर पडत नाही, हवेत अंग वळवून पाठीवर पडतात, जाळीत पाय अडकला तर मोडायचा म्हणून. पडायला पण शिकावं लागतं हे तालमीत गेलेल्या पोराला वेगळं सांगायची गरज नाही.

म्हणून हात जोडून विनंती, झुला चालू असताना मोबाईलचा फ्लॅश मारू नका. अंधारात वरनं येणाऱ्या माणसाच्या डोळ्यात तो उजेड गेला तर त्याला समोरचं मनगट दिसणार नाही. यात्रेत मिळतो तो लाल लेझर पोरांच्या खिशात असेल तर गाडीतच काढून घ्या. आपल्या कोल्हापूरच्या माणसाला खासबागेत कुस्ती बघायची सवय आहे, डाव पडायच्या आधी मैदान कसं शांत होतं आणि पाठ लागली की कसं उसळतं, अगदी तसंच इथं करा. उडी सुटायच्या आधी गप्प, मनगट धरलं की शिट्ट्या, टाळ्या, काय पाहिजे ते. वरच्या माणसाला खालची शांतता पण ऐकू येते.

जोकरबद्दल

हे जरा सविस्तर लिहितोय कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथं आहे. जोकर आला की बरेच जण उठून भेळ आणायला जातात, म्हणजे तो मधला टाइमपास आहे असं वाटतं. तसं नाही ओ. एक खेळ संपून दुसऱ्याचं सामान लागेपर्यंत चार-पाच मिनिटं जातात, गोला आत आणायचा असतो, जाळी काढायची असते, तेवढा वेळ हजारभर माणसांची नजर धरून ठेवायची, तीही एक शब्द न बोलता, कारण समोर मराठी, कन्नड, हिंदी सगळी माणसं असतात. वर काय बिघडलं, दोरी अडकली, तर इशारा पहिला जोकरला जातो आणि तो दोन मिनिटाचा खेळ दहा मिनिटं लांबवतो, आपल्याला कळत पण नाही की मागं काय चाललं होतं.

दोन प्रकारचे जोकर असतात ते पोरांना ओळखायला सांगा. एक पांढऱ्या तोंडाचा, जरा शहाणा, ऐटीत असणारा, हुकूम सोडणारा. दुसरा लाल नाकाचा, ढगळ पँटीतला, सगळं उलटं करणारा. तमाशातला सोंगाड्या बघितलेल्या माणसाला हे लगेच कळतंय, सरदार एक बोलतो आणि सोंगाड्या त्याचा भलताच अर्थ काढतो, तीच जोडी इथं बिनशब्दाची. आणि झुल्यावर शेवटी जो जोकर घाबरत घाबरत चढतो, पँट गळते, झुला हातातनं निसटतो, धपकन जाळीत पडतो, तो बहुतेक वेळा तिथला मुरलेला झुलेवाला असतो. नीट उडी मारायला जेवढी ताकद लागते त्याहून जास्त चुकीची उडी बरोबर मारायला लागते, एवढं लक्षात ठेवून बघा.

काही जोकर उंचीनं लहान असतात. त्यांना बघून पोरं बोट दाखवून हसतात, नावं ठेवतात. ते काम करत असताना त्यांच्या कामाला पोटभर हसा, त्यासाठीच ते उभे आहेत, पण गेटवर किंवा चहाच्या गाड्यावर भेटले तर ते आपल्या काका-मामाएवढे माणूस आहेत, नमस्कार करा, काका म्हणा. घरनं निघतानाच हे पोरांना सांगितलं तर बरं पडतं.

आता पोरगं भितंय त्याचं. तीन-चार वर्षांच्या लेकरांना रंगवलेल्या तोंडाची भीती वाटते यात काही चूक नाही, तोंड हसतंय पण खरं हसतंय का ते त्यांना कळत नाही. गेल्या खेपेला आमच्या एका ग्रुपमध्ये अशीच एक चिमुरडी होती, आम्हीच चूक केली, तिला पुढच्या रांगेत जागा दिली. जोकर जवळ आला आणि तिनं असा टाहो फोडला की आईला काय करावं कळेना. तो जोकर जागेवर थांबला, दोन पावलं मागं गेला, रिंगच्या कडेला खाली बसला, आणि तिच्याकडं न बघता आपलं लाल नाक काढून हातातल्या रुमालानं हळूच पुसायला लागला, जसं आपण चष्मा पुसतो तसं. मग ते परत लावलं, परत काढलं. तिसऱ्या वेळी तिचं रडं थांबलं आणि नाक आईला दाखवायला लागली. पुढचा खेळ सुरू झाला तरी तो वाकून वाकून जाताना तिला हात करत होता. तेव्हापासनं आम्ही बुकिंगच्या वेळीच पोरांचं वय विचारतो, ते उगाच विचारत नाही. असं भिणारं लहान लेकरू असेल तर पाचव्या-सहाव्या रांगेच्या पुढं बसू नका, वाटेच्या कडेची जागा घ्या, आणि घरात आदल्या दिवशी कुंकवाचा टिळा नाकाला लावून एकदा हसून खेळून घ्या, आमच्या घरात हा उपाय चाललाय.

पाऊस, खाणं वगैरे

एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वळीव कधी येईल सांगता येत नाही. वारा जोरात सुटला तर शो थांबवतात आणि ते बरोबरच आहे. त्यावेळी जागेवरच बसा किंवा गेटवरची माणसं सांगतील तिकडनं शांतपणे बाहेर पडा, तंबूच्या बाजूनं कापड उचलून बाहेर पळू नका, तिथं ताणलेल्या दोऱ्या आणि लोखंडी खुंट असतात, अंधारात पाय अडकून माणूस जोरात आपटतो. शो सुरूच झाला नाही तर तिकिटाचं काय करायचं ते सर्कसवाले ठरवतात, आमचं गाडीभाडं मात्र पुढच्या तारखेला तसंच धरू, त्यासाठी हा कागद आणि तिकीट दोन्ही जपून ठेवा.

डबा आत नेऊ देतील न देतील, म्हणून गाडीतच खाऊन घ्या, पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी. मौत का गोल्यात मोटारसायकली फिरतात तेव्हा आवाज लई मोठा होतो आणि धूर पण होतो, दम्याचा त्रास असणाऱ्यांनी आणि तान्हं बाळ असणाऱ्यांनी तेवढा वेळ दाराकडं जाऊन उभं राहिलं तरी चालतंय, परत आत सोडतात.

पोरांच्या खिशात तुमचा मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. चुकामूक झाली तर तिकीट खिडकीपाशी यायचं, दुसरीकडं कुठं नाही, आमचा माणूस पिवळी टोपी घालून तिथंच असतो.

शो सुटला की गाडी लगेच निघत नाही, अर्धा तास थांबते. तो अर्धा तास मुद्दाम ठेवलाय, कारण बऱ्याचदा जोकर बाहेर पडायच्या वाटेला येऊन उभे राहतात आणि पोरांना त्यांच्याशी हात मिळवायचा असतो. फोटो काढायच्या आधी विचारा, दिवसभर शो करून ते दमलेले असतात, पण लेकरू पुढं आलं तर नाही म्हणत नाहीत. सगळी पोरं गाडीत चढली की मगच ड्रायव्हर स्टार्टर मारणार.